उजनी उतरू लागली की

भिगवणजवळ कुंभारगावच्या काठावर होडीत पाय ठेवणारा पर्यटक पहिला प्रश्न हमखास विचारतो, “फ्लेमिंगो आहेत ना?” त्याचं उत्तर पक्ष्यांपेक्षा पाण्यावर जास्त अवलंबून असतं. पावसाळा चांगला झालेला असेल आणि धरण अजून तुडुंब असेल, तर नावाडी मान हलवतो. “पाणी लय हाय अजून. उतरलं की येत्यात.” माघ सरत आला, कालव्याची आवर्तनं सुटली, पाणी काठापासून मागे हटून चिखल उघडा पडला, की मग त्याच्या आवाजात खात्री येते.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवरचं भिगवण आता पक्षीनिरीक्षकांना नवं राहिलेलं नाही. फ्लेमिंगोचा फोटो, काठावरच्या हॉटेलात चिलापीची थाळी आणि संध्याकाळी घर, असा एका दिवसाचा बेत ठरून गेला आहे. पण फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतच्या सहा आठवड्यांत या पाण्यावर जे चालतं त्यात फ्लेमिंगो ही एक बाजू झाली. हजारो किलोमीटरवरून आलेले पक्षी याच काळात परतीची तयारी करत असतात. कोणी रंग बदलतो, कोणी जोडीदार पटवतो, कोणी नुसता खात सुटतो. आणि त्याच चिखलावर, त्याच बेटांवर इथले कायमचे रहिवासी संसार मांडायच्या खटपटीत असतात. एकीकडे आवराआवर, दुसरीकडे मांडामांड. हे पाहायला महागडा कॅमेरा लागत नाही. धरणात पाणी किती आहे याची बातमी तेवढी रोज वाचावी लागते.

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाणी मागे पसरलं आहे ते करमाळा, इंदापूर, दौंड आणि कर्जत तालुक्यांच्या हद्दींपर्यंत. जलाशयाचं कागदोपत्री नाव यशवंतसागर. बोलताना सगळे उजनीच म्हणतात. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे जवळपास ६३ टीएमसी, मृतसाठा. त्यामुळे उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ असा मथळा वाचून बाहेरगावचा माणूस बुचकळ्यात पडतो. धरण उणे कसं होईल? सोलापूरकराला ते समजावून सांगावं लागत नाही. वापरता येण्याजोगा साठा संपला आणि आता मृतसाठ्याला हात घातला, एवढाच त्याचा अर्थ.

हे पाणी खोल कमी आणि पसरट जास्त आहे. भीमेचा काठ इथे सपाट. त्यामुळे पातळी थोडी खाली गेली तरी कितीतरी जमीन उघडी पडते. माणसांसाठी ती वेगवेगळ्या अर्थांनी महत्त्वाची. काठावरचे शेतकरी या गाळपेर जमिनीत कलिंगडं, खरबुजं, चारा अशी झटपट येणारी पिकं घेतात. ऊसवाले मात्र चिंतेत असतात. पाणी मागे सरकलं की मोटारी, केबल, पाइप सगळं उचलून त्याच्या मागे न्यावं लागतं. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ, जे एरवी पाण्यात असतं, ते पाणी ओसरेल तसं आधी शिखराने, मग हळूहळू अख्खं वर येतं आणि धरणात गेलेल्या गावांची आठवण करून देतं.

पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र ही जेवणाची वेळ. नुकत्याच उघड्या पडलेल्या चिखलात डासांसारख्या कीटकांच्या अळ्या, शंखशिंपल्यांची पिल्लं, किडे आणि पाणवनस्पतींचं बी असतं. उन्हाने तो चिखल वाळला की त्याला तडे जातात आणि खाणं संपतं. पण तोवर पाणी आणखी हातभर मागे गेलेलं असतं आणि नवी ओली पट्टी तयार झालेली असते. काठावर शांत बसलं तर या पट्टीवर पक्ष्यांनी जागा कशी वाटून घेतली आहे हे दिसतं. अगदी कडेला, जेमतेम चिमणीएवढा टिलवा शिलाईयंत्राच्या सुईसारखी चोच मारत पळतो. घोटाभर पाण्यात तुतारी आणि तिचे भाऊबंद. त्यापुढे लाल काटक्यांसारख्या पायांचा शेकाट्या. लांबलचक सरळ चोचीचे गॉडविट पोटापर्यंत पाणी लागेल तिथे जाऊन चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतात. आणि सगळ्यांच्या पलीकडे फ्लेमिंगो. पुस्तकांत त्याला रोहित किंवा अग्निपंख म्हणतात, पण कुंभारगावच्या नावाड्याच्या तोंडी फ्लेमिंगोच आहे.

फ्लेमिंगो पाण्यासाठी एवढा अडून का बसतो, याचं उत्तर त्याच्या चोचीत आहे. तो डोकं उलटं करून पाण्यात घालतो, त्यामुळे चोचीचा वरचा भाग खाली येतो. जाडजूड जीभ पंपासारखी पुढेमागे करून तो गाळमिश्रित पाणी आत घेतो आणि बाहेर फेकतो. चोचीच्या कडांना असलेल्या दातेरी पट्ट्यांत खाण्याजोगे जीव अडकून राहतात. ही करामत उभं राहून करायची तर पाय तळाला टेकले पाहिजेत आणि तोंड गाळापर्यंत पोचलं पाहिजे. पाणी छातीवर गेलं की त्याला पोहता येतं, पण पोट भरणं अवघड होतं. त्याचा गुलाबी रंगही त्याच खाण्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांतून येतो. थव्यात मळकट राखाडी-पांढरे पक्षी दिसले तर ते आजारी नव्हेत, कमी वयाचे आहेत. भिगवणला येणारा हा मोठा रोहित; ठाण्याच्या खाडीत ज्यांची गुलाबी गर्दी होते त्यांत छोटे रोहित बहुसंख्य असतात.

फ्लेमिंगोचे फोटो काढून झाले की होडी परतीला लागते, आणि तिच्यामागे पांढऱ्या पक्ष्यांचा गोंगाट लागतो. हे कुरव, म्हणजे गल. बहुतेक पर्यटक त्यांच्याकडे शेव-गाठी फेकण्यापलीकडे लक्ष देत नाहीत. पण वसंताची चाहूल अगदी जवळून पाहायची असेल तर याच्यासारखा पक्षी नाही, कारण तो हाताच्या अंतरावर येतो आणि त्याचं कॅलेंडर डोक्यावर असतं.

डिसेंबरात कुरवाचं डोकं पांढरं असतं. डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका, गालावर तीट लावल्यासारखा. फेब्रुवारी लागला की तो ठिपका पसरू लागतो. आधी कानामागून एक धुरकट पट्टा वर चढतो, मग कपाळावर बारीक तपकिरी ठिपके उठतात, आणि काही आठवड्यांत चेहऱ्यावर गडद टोपडं चढतं. मजा अशी की सगळ्यांचं एकाच वेळी होत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकाच थव्यात कोरा पांढरा, अर्धामुर्धा आणि पूर्ण टोपडं घातलेला असे तिन्ही सापडतात. इथे कुरवांच्या दोन जाती मिसळलेल्या असतात. ज्याचा डोळा फिकट आणि पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे ठिपके, तो तपकिरी डोक्याचा कुरव; ज्याचा डोळा काळाभोर आणि उडताना पंखाची पुढची कड पांढरी चमकते, तो काळ्या डोक्याचा. नावात काळं डोकं असलं तरी त्याचं टोपडंही गडद तपकिरीच असतं. नावं ठेवणाऱ्यांनी इथे जरा घाईच केलेली दिसते. तपकिरी डोक्याचा कुरव उन्हाळ्यात तिबेट, लडाख आणि मध्य आशियातल्या उंच सरोवरांच्या काठी घरटी करतो. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवरच्या त्या थंड वाऱ्यात जाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात तेलकट शेव घालून आपण त्याचं काय भलं करतो, हे ज्याचं त्याने ठरवावं. होडी-चालकांपैकी जाणते लोक आता पर्यटकांना अडवतात, पण होडीतलं लहान मूल हट्टाला पेटलं की त्यांचाही नाइलाज होतो.

काठावरच्या हिरवळीत शेपटी वरखाली हलवत फिरणाऱ्या धोब्यांचंही असंच. हिवाळाभर मातकट दिसणाऱ्या पिवळ्या धोब्यांच्या नरांची छाती फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीने माखल्यासारखी होते आणि डोक्याचा रंग उठून दिसू लागतो. कोणाचं डोकं काळं, कोणाचं राखी, कोणाचं निळसर करडं आणि वर पांढरी भुवई. ही एकाच जातीची वेगवेगळ्या मुलखांतली रूपं. थंडीत ओळखायला कठीण, आता सोपी. यातल्या पांढऱ्या भुवईच्या रूपाचं शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने केलं. मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं होतं. गावं, पिकं, लोकसंख्या यांच्या जोडीने या गृहस्थाने पक्षीही मोजले आणि १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात छापली. या धोब्याला त्याने नाव दिलं ‘बीमा’. आपल्या भीमा नदीचं नाव असं सायबेरिया-कझाकस्तानात उन्हाळा काढणाऱ्या पक्ष्याला चिकटलं आहे आणि दर हिवाळ्यात तो भीमेच्या काठी येऊन शेपूट हलवून जातो.

बदकांच्या बाबतीत गंमत आणखी वेगळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेले नर बदक बहुधा मादीसारखेच मळकट दिसतात, कारण पिसं झडून नवी यायची असतात. म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीत पक्षी बघायला गेलेला नवखा माणूस बदकं ओळखताना रडकुंडीला येतो. फेब्रुवारीत तोच थवा पाहावा. थापट्याचं हिरवं चमकतं डोकं आणि तांबूस कुशी, तलवार बदकाची टोकदार शेपटी आणि मानेवरची पांढरी रेघ, सगळं लख्ख झालेलं असतं. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद. पाच-पंचवीस थापटे एकमेकांच्या मागे गोल गोल पोहत पाण्यात भोवरा करतात आणि तळातून वर येणारं खाणं त्या चोचीने गाळून घेतात. पहाटे कोवळ्या उन्हात हा प्रकार दिसला तर बाकी सगळं सोडून तोच बघत बसावा.

त्या खाण्यातच मध्ये मध्ये एखादा नर मान वरखाली झटकतो, मादीभोवती घिरट्या घालतो, दुसऱ्या नराला हुसकतो. यातल्या बऱ्याच जाती उन्हाळी मुलखात पोचल्यावर नव्हे, तर हिवाळी मुक्कामातच जोड्या जमवतात. आणि उन्हाळ्यात कुठे जायचं हे मादी ठरवते. ती जिथे जन्मली त्या भागात परतते आणि नर मुकाट्याने तिच्यामागे जातो. सासुरवाडीला कायमचा राहायला जाणारा हा घरजावई पुढच्या वर्षी दुसऱ्याच बदकिणीमागे दुसऱ्याच प्रांतात गेलेला असू शकतो. चक्रवाकाचं तसं नाही. नारिंगी अंगाचा, मोठ्याने ओरडणारा हा पक्षी जोडीदाराला वर्षानुवर्षं धरून असतो. रात्री चक्रवाकाची जोडी एकमेकांपासून ताटातूट होऊन विलाप करते ही संस्कृत कवींची लाडकी कल्पना. प्रत्यक्षात हे पक्षी रात्रीही चरतात आणि एकमेकांना हाका मारत राहतात. कवींनी आवाज अचूक टिपला, त्यामागचं कारण तेवढं पदरचं घातलं.

पट्टकादंब हंसांना पाहण्यासाठी पाण्याकडून काठाकडे वळावं लागतं. हे हंस पाण्यात कमी आणि नव्याने उगवलेल्या लुसलुशीत गवतात जास्त असतात. कधी शेजारच्या गव्हा-हरभऱ्यातही उतरतात. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या, ही त्यांची खूण. थव्याकडे दुर्बिणीतून नीट पाहिलं तर तो थवा म्हणजे कुटुंबांचा जथा आहे हे लक्षात येतं. दोन मोठे आणि त्यांच्या मागेपुढे दोन-तीन असे गट सुटे दिसतात. गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली पोरं पहिला हिवाळा आईबापांबरोबरच काढतात, आणि त्यांच्या डोक्यावरच्या पट्ट्या अजून धड उमटलेल्या नसतात. चरताना एक मोठा हंस मान ताठ करून उभाच असतो. माणूस जवळ येतोय असं वाटलं की तो मान आणखी ताणतो, मग दुसऱ्याची मान वर येते, मग तिसऱ्याची. जाणकार निरीक्षक दुसऱ्या मानेला थांबतो. त्यापुढे पाऊल टाकलं तर थवा उडणार हे ठरलेलं.

हे हंस मंगोलिया, तिबेटचं पठार आणि लडाखमधली त्सो मोरिरीसारखी सरोवरं इथून येतात. मंगोलियात गळ्यात क्रमांकाचे पट्टे घातलेले हंस भारतात दिसलेले आहेत. वाटेत हिमालय. ते एव्हरेस्टवरून उडतात ही कथा फार वर्षं सांगितली गेली. पाठीवर ट्रान्समीटर बांधून केलेल्या अभ्यासात सर्वांत जास्त उंची निघाली ती सुमारे ७,२९० मीटर, आणि बहुतेक प्रवास ते सहा हजार मीटरच्या खालूनच करतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखवली. एकदा उंची गाठून सरळ रेषेत जाण्याऐवजी ते डोंगराच्या उतारांना धरून चढतात, उतरतात, पुन्हा चढतात. वर हवा विरळ, तिथे पंख मारणं फार महाग. त्यापेक्षा खाली येऊन दाट हवेत उडणं आणि मग परत चढणं स्वस्त पडतं. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिनही विरळ हवेतला प्राणवायू इतर हंसांपेक्षा अधिक घट्ट पकडतं. कथेतलं एव्हरेस्ट गेलं तरी पराक्रम कमी होत नाही.

एवढ्या प्रवासाचं इंधन म्हणजे चरबी, आणि ती इथल्या गवतातून आणि चिखलातून जमवायची असते. निघण्याआधीच्या आठवड्यांत स्थलांतर करणारे पक्षी अधाशासारखे खातात. काही छोट्या जातींचं वजन जवळपास दुप्पट होतं. निघायची वेळ झाली हे त्यांना कसं कळतं? लडाखात बर्फ वितळलं की नाही हे भिगवणच्या चिखलात उभं राहून समजण्याचा मार्ग नाही. दिवसाची लांबी हा त्यातला मुख्य इशारा. आपल्याकडे डिसेंबरअखेरीस दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, तो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बारा तासांचा होतो. उत्तरेच्या मानाने फरक लहान, पण पुरेसा. शिवाय पक्ष्यांच्या अंगात वर्षाचं एक घड्याळही असतं. जर्मनीतल्या एबरहार्ड ग्विनर यांनी काही वटवट्या पक्ष्यांना खोलीत ठेवून वर्षभर उजेड आणि तापमान एकसारखं राखलं, तरी त्या पक्ष्यांची पिसं झडण्याचं आणि स्थलांतराच्या वेळी अस्वस्थ होण्याचं चक्र साधारण वर्षाच्या अंतराने चालूच राहिलं. पिंजऱ्यातला पक्षी वेळ आली की रात्रभर दांडीवर पंख फडफडवत राहतो.

हे लक्षात घेतलं की फोटोसाठी थवा उडवणं हा किती वाईट सौदा आहे ते कळतं. उडालेला हंस पुन्हा तिथेच उतरतो, काही बिघडलेलं दिसत नाही. पण दिवसातून दहा होड्यांनी दहा वेळा उडवलं तर त्याने दिवसभरात कमावलेलं बरंचसं खाणं नुसत्या पळापळीत जातं. चांगला नावाडी मोटार लांबच बंद करतो आणि बांबूने रेटत होडी नेतो. “जरा जवळ घ्या ना” म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं मात्र त्याच्या पोटावर येतं; तेव्हा ते होडीत बसलेल्यांनीच म्हणू नये हे बरं.

साधनांचं थोडक्यात. आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण, जिच्यावर ८×४२ लिहिलेलं असतं, ती तळ्यासाठी पुरते. सूर्य पाठीशी राहील असा काठ सकाळी निवडावा. नऊ-साडेनऊनंतर पाण्यावरून उठणाऱ्या गरम हवेने लांबचं सगळं थरथरतं आणि मग ओळखीवरून वाद होतात. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ जवळ असावा. पाच नोव्हेंबर हा चितमपल्लींचा आणि बारा नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो.

आता मांडामांडीची बाजू. पाणी उतरलं की मधली उंचवट्याची जमीन बेटासारखी वर येते. चारी बाजूंनी पाणी असल्याने तिथे कुत्री, मुंगसं सहसा पोचत नाहीत, म्हणून नदी सुरय, आर्ली आणि टिटव्या अशा ठिकाणी अंडी घालतात. घरटं म्हणजे वाळूतला एक उथळ खळगा. अंडी खड्यांच्या रंगाची, इतकी की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पिवळ्याधमक चोचीचा सुरय नर मार्चमध्ये चोचीत मासा घेऊन मादीसमोर उतरतो, मान ताठ करून तिच्याभोवती फिरतो आणि मगच मासा तिला देतो. ती कधी घेते, कधी घेऊन नुसतीच उडून जाते. ही बेटं पाणी आणखी उतरलं की काठाला जोडली जातात आणि मग गुरं, कुत्री आणि फोटोवाले तिघंही चालत पोचतात. होडीतून बेटावर उतरायचा मोह म्हणूनच टाळायचा.

झाडांवरची वस्ती पाहायला भिगवणहून फार लांब जायला नको. भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींवर चित्रबलाकांचं सारंगार, म्हणजे एकगठ्ठा घरट्यांची वसाहत, वर्षानुवर्षं भरत आलं आहे. त्याहून नवलाची जागा इंदापूरच्या तहसील कचेरीची. आवारातल्या जुन्या चिंचांवर हेच चित्रबलाक घरटी करतात. खाली सातबारा, दाखले, मोजणीच्या तारखा, वकिलांची टेबलं. वर तीनेक फूट उंचीचे, गुलाबी पिसांचे, पिवळ्या वाकड्या चोचीचे पक्षी काड्यांची ने-आण करत असतात. वाढलेल्या चित्रबलाकाला आवाज जवळजवळ नसतो. जोडीदार घरट्यावर आला की दोघं आपापली चोच खटखट वाजवतात. पिल्लं झाली की मात्र कलकलाट, आणि खाली उभ्या माणसाच्या खांद्यावर कधी अर्धवट पचलेला मासा, कधी आणखी काही. त्या आवारात कामाला येणारे झाडाखाली गाडी कुठे लावू नये हे नव्या माणसाला आपण होऊन सांगतात. वासाबद्दल कुरकुर होते, पण वस्ती टिकून राहिली आहे. उजनीचे मासे आणि जुन्या चिंचा, दोन्ही हाकेच्या अंतरावर असल्याशिवाय हे जमलं नसतं.

उजनीचं पाणी स्वच्छ आहे असं कोणी म्हणणार नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते, जलपर्णीचे तुकडे तरंगत येतात. मच्छीमारांच्या जाळ्यात देशी जातींपेक्षा चिलापी जास्त लागते. काही पक्ष्यांना या सकस गाळाने खाणं मिळतं हे खरं, पण त्यावरून सांडपाण्याचं समर्थन करणारे अधूनमधून भेटतात, त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एक पेला भरून द्यावा.

पाण्याकडून शेतात नजर टाकली तर या दिवसांत आणखी एक पाहुणा दिसतो. भोरडी, म्हणजे गुलाबी मैना. काढणीला आलेल्या शाळूवर तिचे थवे पडतात, शेतकरी गोफण फिरवतो, थवा उठतो आणि पलीकडच्या रानात उतरतो. दाण्याचा हंगाम संपत आला की त्या सावरीच्या आणि पळसाच्या फुलांवर जातात आणि मधासाठी चोची आत घालून कपाळावर पराग फासून बाहेर येतात. संध्याकाळी थव्यात थवे मिसळून आकाशात जे आकार तयार होतात, ते पाहायला लोक मुद्दाम थांबतात. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांत टोळांवर ताव मारायला एप्रिलपर्यंत त्या निघून गेलेल्या असतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये, बाकीच्यांच्या कितीतरी आधी, परतही येतात.

निघून जाण्याच्या या तारखाच आपल्याकडे सर्वांत कमी लिहिल्या जातात. पहिला हंस दिसला, पहिला फ्लेमिंगो उतरला, की त्याचा फोटो त्याच संध्याकाळी सगळीकडे फिरतो. शेवटचा कधी गेला? ज्या दिवशी तो दिसतो त्या दिवशी तो शेवटचा आहे हे माहीतच नसतं. त्यासाठी पुन्हा जावं लागतं आणि तो न दिसल्याचं लिहावं लागतं. देशभरची पाणपक्षी गणना जानेवारीत होते, पक्ष्यांची घरोघरची मोजणी फेब्रुवारीतले चार दिवस होते; मार्चच्या उन्हात मोजायला कोणी बोलावत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला, त्यांपैकी १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं ठरलं, आणि काळजीच्या गटांत चिखलकाठचे स्थलांतरित पक्षी आणि बदकं आहेत. तो आढावा हजारो हौशी निरीक्षकांनी ई-बर्डवर भरलेल्या नोंदींवरच उभा आहे. तिथे पूर्ण यादी भरताना ‘दिसलेल्या सगळ्या जाती लिहिल्या’ असं नमूद केलं, की जे लिहिलं नाही ते दिसलं नव्हतं हेही आपोआप नोंदलं जातं.

पुण्या-मुंबईच्या निरीक्षकाला मार्चमध्ये दर तीन-चार दिवसांनी भिगवण गाठणं परवडणारं नाही. कुंभारगावच्या नावाड्याला मात्र तिथे रोजच जायचं असतं. कॉलेजात जाणारी तिथली काही पोरं हिवाळ्यात गाइडचं काम करतात, ओस्प्रेला लांबून ओळखतात, दोन्ही कुरवांतला फरक डोळ्यावरून सांगतात. त्यांच्या मोबाइलमध्ये फोटो भरपूर असतात. काठावरची एकच ठरलेली जागा, सकाळचा तोच अर्धा तास, धरणाची त्या दिवशीची पातळी आणि दिसलेल्या जातींचे आकडे, एवढं मार्च-एप्रिलभर लिहून ठेवायला वही आणि पेन पुरतं. पाच-सात वर्षांच्या अशा नोंदी झाल्या, तर पाणी लवकर उतरलेल्या वर्षी हंस लवकर जातात की नाही, यावर अंदाजाऐवजी आकड्यांनी बोलता येईल.